हूक कुठल्या बाजूला?

हार्डवेअरच्या दुकानात, रांगेत लाकडी पट्ट्या कवटाळून बहीणभाऊ उभे होते.

“फ्रेमवाल्यानं गळाच कापला असता, दादा. चित्राची चौकट घरीच ठोकू. पण हूक कुठल्या बाजूला?”

“वरच्या.”

“वरची कुठली? निळं तर तळं आहे, ते खाली.”

“अगं, आभाळ आहे ते!”

“आभाळात होडी?”

“ढग आहे तो. सही बघ ना.”

“बाबांनी कधी सही केलीय? आई म्हणते, आडवंच लावा.”

“मग ज्यांनी काढलंय त्यांनाच विचार.”

“सकाळीच विचारलं. कॅनव्हास मांडीवर घेऊन बघतच बसले.”

“आणि?”

“म्हणाले, ‘सुरेख आहे हो. कुणी काढलंय?’”

भावानं पट्ट्या या हातातून त्या हातात घेतल्या.

“चारही बाजूंना हूक लावू. रोज ते म्हणतील ती वर.”