वावटळबाईचे हात

हॅलो?… हो, मी अंपारोच. अगं, आत्ताच येतोय थिएटरातून, चपलासुद्धा पायातच आहेत… हो, सगळे गेलो होतो. समोरच्या चोलेमावशीपण. माझ्या धाकट्या बहिणीने केलाय सिनेमा, असं मी अख्ख्या रांगेला सांगितलं… सांगणारच. आपल्या ग्वादालाहारा शहरात किती जणींच्या बहिणी कार्टूनचे सिनेमे काढतात?

छान झालाय गं… नाही, नाही, ऐक ना. तो पुराचा सीन, पाणी चर्चच्या पायऱ्या चढतं तो… हो, तोच. श्वास रोखून बसले होते मी. आणि ते ढग. हात लावला तर ओला होईल असं वाटत होतं. तुझे भावोजी डोळे पुसत होते… विचार त्यांना. नाहीच म्हणतील, पण पुसत होते.

काय?… पहिल्या भागापेक्षा?…

नायेली, राहू दे ना ते… बरं, बरं. चिडू नकोस. सांगते.

पहिल्यात तुझी वावटळबाई धावती बस नुसत्या हातांनी अडवते ना… अगं हो, तूच केलंस, पण मला बोलू देशील? बस अडवते, लोक टाळ्या वाजवतात, आणि घरी आल्यावर तिला मक्याच्या पोळ्या थापता येत नाहीत. बोटंच वळत नाहीत. शेजारीण येऊन घास भरवते. तिथे मी ढसाढसा रडले होते. आता ती अख्खा पूल उचलते, त्या सगळ्या गुंडांना लोळवते, हात झटकते आणि पुढे… तेच तर. काही होतच नाही तिला. मग मी काळजी कशाची करू?… हो, एवढंच. बाकी सगळं सरस आहे. चित्रं, गाणी, सगळं. फक्त तिला दुखत नाही.

रागावलीस?… मग?

काय म्हणालीस?… कुणाचे हात?…

आईचे?… वावटळबाईचे हात म्हणजे आईचे?…

मला नव्हतं माहीत. ती आजारी असताना तू तिच्या उशाशी बसून कागदावर काहीतरी काढायचीस, मला वाटायचं वेळ जावा म्हणून… हं… हं… म्हणजे या भागातही होते ते सीन?… मग कापले कुणी? स्टुडिओवाल्यांनी?… तू?

अगं, रडू नकोस. कळलं मला. ती गेल्यावर पुन्हा तिची बोटं तशी वाकडी… नाही बघवलं तुला. कळलं गं.

नाही, सिनेमा उणा पडलाय, ते मी अजूनही म्हणते. खोटं कशाला बोलू?… पण मी उद्या परत जाणार आहे… अगं कशाला म्हणजे? आईला पूल उचलताना बघायचंय मला. न कण्हता.

नको, तू येऊ नकोस… का म्हणजे, तू चुका दाखवत बसशील… बरं. ये. पण मध्ये बोलायचं नाही… हो, दुपारच्या खेळाला. ठेवते.