मधला स्पीकर आणि बापूंचे डोळे

होम थिएटरची हौस आहे ना तुम्हाला? मग आधी बमरोलीच्या आमच्या दिन्याचं ऐका. साहेबांनी एका खोलीच्या घरात टीव्हीखाली मधला स्पीकर बसवला. माईक लावून स्पीकरचा आवाज खोलीला जुळवेपर्यंत घरात कुणाला खोकूही दिलं नाही. का, तर "डायलॉग थेट हिरोच्या तोंडातून यायला पाहिजे!"

मग हिंदीत डब केलेला साउथचा पिक्चर लावला. दिन्याचे बापू जन्मभर कापड विणायच्या लूमवर कामाला होते. त्या खडखडाटात समोरच्याचे ओठ बघूनच बोलणं ओळखायची त्यांना सवय. थोडा वेळ टक लावून बघितलं आणि म्हणाले, "आवाज एक नंबर आहे रे, पण हा माणूस हे बोलतच नाहीये."

पिक्चरभर, दर वाक्याला हेच.

दिन्या अजून रिमोटवर बापूंचा आवाज बंद करायचं बटण शोधतोय.