बुटांच्या खोक्यातलं जेवण

या, देवाच्या लेकरांनो, जवळ सरका. अमेरिकेतल्या सहासष्ट नंबरच्या जुन्या हमरस्त्यावरच्या खानावळीत, रांगेत ऐकलेलं सांगते. माझ्यापुढे आमच्या चर्चच्या म्हाताऱ्या वर्नेलाबाई होत्या, गल्ल्यावर तरुण गोरी मालकीणबाई. वर्नेलाबाईंनी भिंतीवरची पदार्थांची पाटी वाचली.

“बुटांच्या खोक्यात तळलेली कोंबडी? हे काय गं?”

“जुन्या प्रवासाची गंमत, आजी! तेव्हा लोक असंच जेवण बांधून निघायचे.”

“कोणते लोक?”

“सगळेच की!”

“गोरे इथं टेबलावर जेवायचे, पोरी. आम्हा काळ्यांना तुझ्या आजोबांनी दारातून हाकललं, म्हणून माझी आई खोकं भरायची. गंमत म्हणे!”

“हळू ना आजी, गिऱ्हाईकं ऐकतायत.”

“ऐकू देत! खरं कारण पाटीवर लिही, नाहीतर उतरव ती!”

“काय लिहू?”

“तुझ्या आजोबांचेच शब्द. ‘काळ्यांना इथं वाढत नाही.’”

गुडघे टेकाल तेव्हा, बाबांनो, खोकं भरणाऱ्या त्या माउलीला आठवा. आर्डेला तिचं नाव.