रुंद पट्टीची इस्त्री

महाडच्या दुकानात मिक्सर दुरुस्तीला घेऊन आलेली निशिगंधा रांगेत उभी होती, पण तिचे कान पुढच्या सासूसुनेकडे लागले होते. दोघी पोलादपूरहून केस सरळ करायची इस्त्री घ्यायला आल्या होत्या.

"ही बघा, मावशी. लहान आहे, हलकी आहे," दुकानदार म्हणाला.

"गौतमी, पाठ फिरव गो, वेणी दाव त्यांना. आता सांगा, ह्या केसांना ही चिमट्याएवढी इस्त्री पुरंल?"

"बाप रे! मग रुंद पट्टीची घ्या. लांब केसांना तीच बरी."

"आई, कशाला एवढी मोठी? कापूनच टाकते म्हटलं ना. विंचरता विंचरता जीव जातो."

"गप बस. भाऊ, हिच्याच केसांना लावून दाखवा."

"दाखवतो की. अहो, पण हे तर तेलात न्हायलेत!"

"मीच चोपडलं सकाळी. दुकानात दाखवायचे, तर केस चांगले दिसायला नको?"

"तेलावर फिरवली तर तळून निघतील, मावशी!"

"आगो बाय! मंग धुऊन, सुकवून फिरवायची. आणि सणासुदीलाच हां, गौतमी. असे केस आमच्या वाडीत कुणाचे नाय. रोजची वेणी मी घालतेच हाय."

"म्हणूनच म्हणते, आई. तुम्हालाच त्रास."

"त्रास? तू केस कापलेस तर सकाळच्याला माझ्यापुढं पाठ करून बसंल कोण?"

गौतमीने वेणी पुढे घेतली.

"रुंद पट्टीचीच द्या, दादा."