टोपीला लागलेला रंग

टकलावर इलाज सांगणाऱ्यांत विश्वास कुणावर ठेवायचा, सांगा बघू? माझ्या भाच्याची तेलं झाली, गोळ्या झाल्या, शेवटी त्यानं टाळूवर काळी पावडर शिंपडली आणि आम्ही हुपरीला मुलगी बघायला गेलो. मध्यस्थ मीच, कापडाचा व्यापारी. बोलणी जमत आली. मुलीच्या वडलांनी रिवाजाप्रमाणं भाच्याला टॉवेल-टोपी दिली. उकाड्यात त्यानं घाम पुसायला टोपी काढली, तर पांढरी टोपी आतून काळी आणि टाळू लख्ख.

वडलांनी टोपी माझ्यापुढं धरली. “पावणं, तुम्ही कापडवालं. रंग जाणारा माल घेतासा व्हय?”

आतून मुलगीच बोलली, “आबा, तुमच्या टोपीखाली तरी काय हाय?”

आबांनी टोपी चाचपली, पण काढली नाही. सुपारी त्याच बैठकीत फुटली.

म्हणून सांगतो, उरलेल्या केसांचा हिशोब तेवढा खरा ठेवा.