दुनळीवरची पाच बोटं

माझं गाव जनवाडा, बिदर तालुका, आन आमचं घरानं मूळचं मेंढरामागचं, आज्यानं काठी सोडून दुसरं काय हातात धरलं न्हाई, बंदूक धरली ती आमच्या अप्पानं, ती बी दुरुस्तीला. बिदरला एका बंदुकीच्या दुकानात अप्पा कामाला लागला, चाप बसवायला शिकला, बंदुकीचा लाकडी दस्ता तासायला शिकला, मग कुनीतरी म्हनलं, कामून दुसऱ्याच्या दुकानात झिजायलास, तवा त्यानं डी.सी. हापिसात, म्हंजी कलेक्टर कचेरीत, चकरा मारून मारून सोताचं लायसन काढलं आन भालकीत बसस्टँडमागं दुकान टाकलं. कायद्याचं दुकान बगा, एक काडतूस इकलं तरी रजिस्टरात सही पायजे. अप्पा गेल्यावर दुकान माझ्याकडं आलं. माझं नाव नागनाथ.

लोकं म्हनत्यात भालकीत बंदुका कोन घेतंय. घेत व्हते की. उसात डुकरं शिरायची, म्हनून पीक राखायला शेतकऱ्याला लायसन मिळायचं. पन पुढं पोरं पुन्याला गेली, हैद्राबादला गेली, गावात म्हातारे ऱ्हायले, मग म्हातारे बी जायला लागले, आन त्यांच्या बंदुका माझ्या दुकानात जमा व्हायला लागल्या. मानूस गेला की बंदूक घरात ठिवता येत न्हाई. वारसाला लायसन नसलं तर इकायची, ती बी लायसनवाल्यालाच, आन मुदतीत इकली न्हाई तर सरकारजमा, तिकडं वितळवून टाकत्यात. अशा अकरा बंदुका माझ्या कपाटात उभ्या व्हत्या.

त्यातली एक दुनळी मुडबीच्या शेवंताअक्काची. नवरा वारलेला, पोरगी सुनंदा एकटीच. त्या पोरीचा लातूरला नर्सिंगला नंबर लागला, दिवाळीआधी प्रवेश घ्यायचा, न्हाईतर जागा दुसऱ्याला. घरात इकायसारखं काय, तर ती बंदूक. अक्का दर आठवड्याला बसनं यायची, बाकड्यावर बसायची, म्हनायची, नागू, गिऱ्हाईक आलं का रे. एकच आलं व्हतं, त्यानं भंगाराचा भाव केला. अक्का म्हनली, मी जलमभर ऊस तोडला, माझी पोर फडात जायची न्हाई, बग काहीतरी. मला तिच्याकडं बगवत नव्हतं, खरंच सांगतो.

समोर मैनोद्दीनभाईचं नेटचं दुकान, माझ्याच वयाचा मानूस. त्यो म्हनला, नागनाथ, नेट पे बंदूक का नीलाम होता, देखता क्या. मला वाटलं फिरकी घ्यायलाय. पन दाखवलंच की त्यानं. लायसनवाली दुकानं फोटू टाकायलेत, लायसनवाले लोक बोली लावायलेत, वर चढायलेत. माल पोस्टानं न्हाई जायचा, ज्याची बोली लागली त्यानं लायसन आन डी.सी. हापिसाचा कागद घेऊन दुकानात यायचं, सही करायची, मग न्यायची. सगळं कायद्यात. मी तर खुर्चीवरून उठूनच उभा ऱ्हायलो. म्हनलं, भाई, अक्काची लाव, पैली अक्काची.

आता माझी अक्कल बगा. नुकतीच खंडेनवमी झालती. त्या दिवशी आमच्याकडं हत्यारं पुजत्यात, हळद-कुंकू पान्यात कालवून नळीवर पाच बोटं उमटवायची, वर झेंडूचा हार. अक्काच्या दुनळीवर आधीचे डाग व्हतेच, म्या बी तितंच बोटं उमटवली. मला वाटलं शुभ दिसतंय, तसाच फोटू काढला, हारासकट. तीन दिवस एक बोली न्हाई. चवथ्या दिवशी कुनीतरी इंग्रजीत काहीतरी लिवलं, भाईनं वाचून दाखवलं, इत्ता जंग लगेला माल कौन लेंगा. माझं डोस्कंच फिरलं. जंग कसला, गंज न्हाई, कुंकू हाय त्ये. फडका घेतला, नळी पुसायला लागलो, आन पुसता पुसता हात थांबला. कुंकवाखाली खराच जंग व्हता. सालोसाल ओलं कुंकू एकाच जागी बसलेलं, पोलादात पाच बारीक खळगे पडलेले, बोटं टेकवावीत तसे.

भाई म्हनला, घिस डाल, किसकू मालूम पडता. तासाभराचं काम, कानस मारायची आन वरून काळं करायचं, माझ्या हातचा मळ. पन नळी कानशीनं पातळ व्हती, बार उडताना फुटली तर धरनाऱ्याचं तोंड जातंय. म्या नळी आतून तपासली, आत आरशावानी साफ, खळगे वरच्यावर. मग पाची खळग्यांचा जवळून फोटू काढला आन भाईला म्हनलं लिव, आतून नळी चांगली हाय, वरचे डाग घरच्या मालकानं दर खंडेनवमीला लावलेल्या कुंकवाचे हायत. भाई म्हनला, पागल है तू.

दुसऱ्या दिवशी बोली लागली. मग दुसरी. मला दुकानात बसवंना, दर घटकेला रस्ता वलांडून भाईकडं. शेवटच्या दिवशी चारला नीलाम बंद व्हनार व्हता. अक्का सकाळच्या बसनं आलती. सोलापूरचा एक रिटायर फौजी आन हैद्राबादचा एकजन, दोघं चढाओढीला लागलेले, मी अक्काला सांगायलोय, अक्का, वाढली, अक्का, अजून वाढली, ती पदर तोंडात धरून बसलेली. आन साडेतीनला लाईट गेली. भाईची बॅटरी धा मिनिटं टीं टीं करत ऱ्हायली, मग ती बी बंद. अक्का म्हनली, गेली का रे माझी बंदूक. चार वाजले, सव्वाचार वाजले. साडेचारला पंखा फिरला, भाईनं मशीन चालू केलं, वाचलं, आन माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की अजून आठवतंय. फौजीनं घेतली व्हती, भंगारवाल्याच्या चौपट.

आठ दिवसांत फौजी सगळे कागद घेऊन आला. अक्का बी आलती. सही झाली, त्यानं दुनळी उचलली, खळग्यांवर बोटं टेकवून बगितली. बसली न्हाईत. हसून म्हनला, मालकाचा हात लहान व्हता वाटतं. अक्का म्हनली, मालकानं कवा कुंकू लावलंय व्हय, त्ये बाईचं काम. तिनं हात पुढं केला. पाची बोटं पाची खळग्यांत जाऊन बसली. मग ती हात काढून घ्यायली आन म्हनली, आता मी कुठली कुंकू लावायची, नवरा गेल्यावर. फौजी म्हनला, बाई, तिथं दुसऱ्याची बोटं बसत न्हाईत, खंडेनवमीला मी हिला घेऊन येतो, लावायचं तुमीच.

सुनंदा आता लातूरला दवाखान्यात नर्स हाय. कपाटातल्या अकरापैकी नऊ बंदुका नेटवरच गेल्या, दुकान चाललंय, देवाची किरपा. आन फौजी दर खंडेनवमीला येतो. सगळ्या देशाचं लायसन हाय त्याचं, बंदूक घेऊन राज्याची हद्द वलांडता येती. अक्का कुंकू कालवती, पाच बोटं टेकवती, घटकाभर तशीच ऱ्हाती. मी तेलाचा फडका घेऊन मागं उभा असतो. तिनं हात काढला की लगेच पुसून घेतो.