ताईंचा फोन आणि माझी कमांड

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, निरनिराळ्या ग्रंथालयांतून वेळ काढून आलेले सहकारी, घरी बसून पडद्यावर आम्हाला पाहणारे स्वयंसेवक, आणि ज्यांना निरोप द्यायचं आज आपल्या सगळ्यांच्या जिवावर आलं आहे त्या आपल्या ताई, सर्वांना नमस्कार.

आधीच्या वक्त्यांनी ताईंचा गौरव केला तेव्हा मी मान खाली घालून बसले होते. भाषण आठवतेय, असं कुणाला वाटलं असेल. तसं नव्हतं.

पाहुण्यांसाठी थोडं सांगते. ग्रंथालयांसाठीचं आपलं सॉफ्टवेअर सर्वांना खुलं आहे, कुणीही त्यात सुधारणा करावी. पण त्यासाठी आधी ते सगळं स्वतःच्या संगणकावर उभं करावं लागतं. स्वयंपाकाआधी चूल मांडावी तसं. आणि ही चूल काही केल्या पेटत नसे. एक भाग बसवावा तर दुसरा रुसे. हे कसं बसवायचं, त्या लेखी सूचनांच्या शेवटी एक ओळ होती: अडल्यास ताईंना फोन करा. न अडलेला माणूस निदान मला तरी माहीत नाही.

मीही केला होता. मांडीवर तापाने फणफणलेली मुलगी, समोर पडद्यावर चूक दाखवणारी लाल अक्षरं. ताईंनी ती वाचून दाखवायला सांगितली. मी घाईघाईने वाचली, तर म्हणाल्या, "टिंबंसुद्धा वाच गं, घोळ तिथेच असतो." शेवटी निघालं एवढंच, की फोल्डरच्या नावात मी मोकळी जागा सोडली होती. पण ते निघेपर्यंत मुलीला औषध कोणतं दिलं, घरात मदतीला कोण आहे, मी नोकरी का सोडली, हे सगळं त्यांनी काढून घेतलं होतं. मुख्याध्यापिका होत्या ना, उलटतपासणी हातचा मळ! काम झाल्यावरही मी बराच वेळ फोन हातात धरून बसले होते. या सभागृहात अशी गोष्ट किती जणांकडे असेल? हात वर करू नका, मला ते बघवणार नाहीत.

गेल्या वर्षी मी एक कमांड लिहिली, संगणकाला हे सगळं आपणहून बसवायला लावणारा हुकूम. एक ओळ टाकायची, चहा करून यायचं, तोवर सगळं उभं. माझं फार कौतुक झालं. चाचणी ताईंनीच घेतली, माझ्या दोन चुकाही दाखवल्या. त्या दुरुस्त केल्यावर त्यांचा फोन आला, "चाललं गं, एका दमात. आता मला कोण विचारतंय?" आम्ही दोघी हसलो. आधी मी हसले, हे आता टोचतं.

सूचनांतली ती शेवटची ओळ मीच काढली. गरज नव्हती. काही महिन्यांनी ताईंनी कळवलं की डोळे साथ देत नाहीत, आता थांबते. आज व्यासपीठावरूनही तेच कारण सांगितलं गेलं. डोळ्यांचं खरं आहे. पण फोनवर ऐकून घ्यायला डोळे कशाला लागतात?

परवा मी त्यांच्या घरी गेले आणि ओट्याशी उभी राहून म्हटलं, ती ओळ परत घालते. त्या भांडी पुसत होत्या.

"वेडी आहेस का? माझ्याशी बोलावं म्हणून लोकांना अडवून ठेवायचं? कमांड चांगली आहे तुझी."

मग हातातला पेला जागेवर ठेवत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू तरी करायचास गं एखादा फोन. तुला काय सूचनांत लिहिलेलं लागतं?"

इतक्या महिन्यांत, कामाशिवाय फोन करावा हे मला सुचलंच नव्हतं.

आयोजकांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, मनापासून आभारी आहे. गौरवाच्या प्रसंगी घरचं गाऱ्हाणं मांडलं, कुठे शब्द वेडावाकडा गेला असेल, तर पोटात घाला.

आणि ताई, रविवारी दुपारी मी फोन करणार आहे. माझं काहीही अडलेलं नसेल. तरी उचला.